बोटीवरचं पान

पुण्याच्या वारज्यातल्या, क्रूझ करून आलेल्या माणसाला ‘कशी होती बोट?’ असं विचारून पाहा. बोटीबद्दल तो दोन वाक्यं बोलेल आणि तिसऱ्या वाक्याला जेवणावर येईल. सकाळी इडली, उपमा, समोर उभं राहून करून दिलेलं ऑम्लेट. दुपारी पनीरचे दोन प्रकार. चारला चहा आणि भजी. रात्री गोडाचं टेबल वेगळं आणि जैन काउंटर त्याहून वेगळा. सूर्यास्त आणि लाटा यांचा नंबर बराच खाली. माळवाडीपासून पॉप्युलर नगरपर्यंत माझ्या ओळखीची जी कुटुंबं मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या बोटीनं जाऊन आली, त्यांच्या मोबाइलमधले निम्मे फोटो ताटांचे आहेत. मी याला नावं ठेवत नाही. उलट ही मंडळी मुद्द्याचंच बोलतात, असं माझं मत आहे. मराठी पांढरपेशा माणसाचा समुद्राशी जो जुना वाद, त्यात बुडण्याच्या भीतीपेक्षा जेवणाचा प्रश्न मोठा होता. काय खायचं, कुणाच्या हातचं, कुणाच्या पंक्तीला बसून?

वारज्याचा समुद्राशी संबंध तसा लांबचाच. सर्वांत जवळचं नौदल म्हणजे खडकवासल्याच्या पाण्यात शिडाच्या होड्या चालवणारे एनडीएचे छात्र. पण पुण्याचा आणि बोटीवरच्या जेवणाचा संबंध चांगला सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि तो थेट शनिवारवाड्यापाशी जातो.

पेशवेपदासाठी धडपडणाऱ्या राघोबादादांनी इंग्लंडच्या सरकारकडे आपली बाजू मांडायला वकील पाठवले. त्यांत हणमंतराव हे ब्राह्मण होते आणि मणियार रतनजी हे पारशी. १७८१ साली ते लंडनात होते. तिथं त्यांची पंचाईत राजकारणापेक्षा चुलीची झाली. परक्याच्या घरात, परक्याच्या भांड्यांत, परक्याच्या नजरेखाली स्वयंपाक करायचा कसा? शेवटी एडमंड बर्क यांनी, म्हणजे पुढे ज्यांनी वॉरन हेस्टिंग्जवर खटला उभा केला त्यांनीच, त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं झाडं ठेवायचं काचघर स्वयंपाक आणि पूजाअर्चेसाठी मोकळं करून दिलं. ब्रिटिश संसदेतला एवढा मोठा वक्ता आणि त्याच्या काचघरात पुण्याच्या वकिलांची पिठलं-भाताची तयारी (पिठलं मी माझ्या पदरचं घातलं आहे, चूल खरी आहे). परत आल्यावर सोन्याची योनी घडवून तिच्यातून पार करत ब्राह्मण वकिलांचा नवा जन्म करावा लागला, अशी हकीकत त्या काळच्या इंग्रजी लेखनात आहे.

समुद्रगमन हे पातकांच्या यादीत बौधायन धर्मसूत्रापासून आहे. पण व्यवहारात त्याची बोच जेवणात होती. बोटीवर सोवळं पाळता येत नाही, पाणी कुणी भरलं ते सांगता येत नाही, चूल वेगळी मागता येत नाही. महिनोन्‌महिने असं राहिलेला माणूस परतल्यावर आपल्या पंक्तीत बसवायचा की नाही, हा जातीपुढचा खरा प्रश्न होता. प्रायश्चित्त व्हायचं ते पंक्तीत परत येण्यासाठी.

ज्यांना ही बंदी कधी आडवी आली नाही, ती माणसं मात्र तेव्हाही समुद्रावरच होती. कोळी, भंडारी, दालदी, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. आंग्र्यांच्या आरमारात हीच, मालाच्या गलबतांवर हीच. गलबताच्या डेकवर लाकडी खोक्यात माती किंवा वाळू भरून त्यात चूल पेटवायची. लाकूड जळतं पण बोट जळत नाही. भात, सुकी मासळी, आमसुलाचं आंबट. या जेवणाबद्दल कुणी ग्रंथ लिहिले नाहीत, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया तो आहे.

१८४०नंतर पी अँड ओ कंपनीच्या आगबोटी हिंदुस्थानच्या वाटेवर धावू लागल्या आणि १८६९ साली सुवेझ कालवा उघडल्यावर मुंबई हे विलायतेचं दार झालं. या बोटींवर माणसं भरताना साहेबानं जी वाटणी केली ती बघण्यासारखी आहे. डेकवर कोकण आणि गुजरातचे खलाशी, त्यांच्यावर टंडेल आणि सारंग. खाली भट्टीपाशी कोळसा ओढायला पंजाबी आणि पठाण. आणि वर जेवणघरात, भटारखान्यात, टेबलाशी गोवेकर. कारण सरळ होतं. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला गोमांस शिजवायला अडचण नव्हती, डुकराचं वाढायला नव्हती, वाइन ओतायलाही नव्हती. एका माणसात साहेबाचा सगळा मेनू बसत होता.

हे गोवेकर बोटीची वाट पाहत मुंबईत धोबीतलाव परिसरातल्या कूडांमध्ये राहत. एकेका गावाचा एकेक कूड: ओळीनं पेट्या, भिंतीवर देव्हारा, संध्याकाळी एकत्र प्रार्थना आणि नाममात्र भाडं. बोट मिळाली की पेटी तिथंच ठेवून जायचं, उतरलं की पुन्हा कूडात. जगभरच्या साहेबांना ज्यांनी सूप वाढलं त्या हातांचा मुंबईतला पत्ता हा होता. तिथल्याच जेर महाल या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर असे काही कूड अजून तग धरून आहेत.

आता याच बोटीच्या आतल्या चुली मोजा. प्रवाशांचा भटारखाना एक. डेकवरच्या खलाशांचा स्वयंपाक वेगळा, भट्टीवाल्यांचा वेगळा. खलाशांसाठी रांधणाऱ्याला बोटीच्या भाषेत ‘भंडारी’ म्हणत, आणि प्रत्येक गटाला आपल्या धर्माचा, आपल्या चवीचा भंडारी लागे. तो मागायचा हक्क खलाशी सोडत नसत, आणि कंपनीलाही तो देणं परवडत होतं, कारण उपाशी किंवा बाटलेला खलाशी काम करत नाही. आज क्रूझवर जैन, शाकाहारी, हलाल असे वेगळे काउंटर पाहून लोकांना ती नव्या जमान्याची सोय वाटते. माझ्या मते तिचा वंश शोधायचा तर पंचतारांकित हॉटेलाकडे जाण्यात अर्थ नाही. एका बोटीत तीन चुली मांडणाऱ्या त्या खलाशांकडे जावं लागतं.

प्रवासी म्हणून बोटीवर चढलेल्या आपल्या माणसांना मात्र असा हक्क नव्हता. त्यांनी निमूटपणे घरचा डबा उघडला. ४ सप्टेंबर १८८८ला मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीनं निघालेल्या मोहनदास गांधींनी आत्मकथेत हे मोकळेपणानं सांगितलं आहे. काटे-चमचे धरता येत नव्हते, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायची हिंमत नव्हती, म्हणून जेवणघरात जाणंच टाळलं. केबिनमध्ये बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळं खाल्ली. त्याआधी पाच वर्षं, १८८३च्या एप्रिलमध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघून ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी भाषण केलं. त्यात अमेरिकेला का जाते याच्या उत्तराबरोबर, आपला आहार आणि पोशाख बदलणार नाही, हेही त्यांना जाहीर सांगावं लागलं. डॉक्टर व्हायला निघालेल्या अठरा वर्षांच्या मुलीला लोकांनी विचारलेल्या प्रश्नांत एक प्रश्न ताटाचाच होता.

याच आनंदीबाईंचे पती गोपाळराव पुण्याच्या पुढच्या प्रकरणात हजर आहेत, आणि ते प्रकरण समुद्रापासून दूर, पंचहौद मिशनमध्ये घडलं. ऑक्टोबर १८९०मध्ये तिथं व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. सभेला न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गावातली आणखी पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं फोडली, ‘पुणे वैभव’नं ती छापली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत चौकशी गेली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. बायकोला सातासमुद्रापार पाठवणाऱ्यानं गावातल्यांचा चहा चव्हाट्यावर आणावा, हा गोपाळरावांचा खास तिरकस विनोद होता. ज्या गावात मिशनऱ्याच्या अंगणातल्या एका कप चहाचं हे झालं, तिथल्या माणसानं बोटीवरचं तीन वेळचं जेवण कुणापुढं कबूल करावं? पण काळ थांबला नाही. सप्टेंबर १९१८मध्ये पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या खटल्यासाठी टिळक स्वतःच विलायतेच्या बोटीवर चढले.

हे झालं विलायतेच्या बोटीचं. मराठी माणसाची खरी बोट दुसरी होती, कोकणची. भाऊच्या धक्क्यावरून निघायची आणि जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजी गाठायची. या बोटीवर मेजवानीचा प्रश्नच नव्हता. डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची, वळकटीला टेकायचं आणि दशम्या-चटणी, भाकरी, उकडलेली अंडी असं जे बांधून आणलं असेल ते सोडायचं. तेही पोटात राहील याची खात्री नसायची. बोट लागते म्हणून कमरेला लिंबू, तोंडात आवळासुपारी. बंदरात बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव तिला येऊन भिडायचे. पोरं, पेट्या, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या सगळं त्या हलत्या पडावातून वर-खाली. परतीच्या बोटीला फणसपोळी आणि ओल्या काजूगरांचा वास असे, त्यात इंजिनाचं तेल मिसळलेलं. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची वाहतूक बंद.

या किनाऱ्यावरच्या गोऱ्या कंपनीला तोंड द्यायला स्वदेशीच्या लाटेत जी कंपनी उभी राहिली तिला लोक प्रेमानं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावं होती. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ ११ नोव्हेंबर १९२७ला एकाच दिवशी बुडाल्या. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ला रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्येचा सुमार होता. श्रावण लागण्याआधी घरी जाऊन चार घास खायचे म्हणून निघालेले गिरणगावातले आणि बाजारातले लोक त्यात होते. अलिबागकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत बोट म्हणजे ही. क्रूझचं तिकीट दाखवल्यावर एखादी आजी गप्प होते, त्यामागे पैसे असतीलच असं नाही.

मग मेजवानीची बोट आली कुठून? त्यासाठी अटलांटिकवर जायला हवं. तिथं सुरुवात गायीपासून होते. १८४०ची कुनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ प्रवाशांच्या दुधासाठी जिवंत गाय घेऊन निघत असे. शीतगृहं नव्हती, त्यामुळे डेकवर मेंढ्या, डुकरं, कोंबड्या असत, आणि प्रवास पुढे सरकेल तसा गोठा रिकामा होई. शतकाच्या अखेरीस बर्फाची यंत्रं बोटीवर आली आणि मेनू लांबला. हिवाळ्यात खवळलेला अटलांटिक ओलांडायला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बालीन यांनी जानेवारी १८९१मध्ये ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही रिकामी बसणारी बोट भूमध्य समुद्रात नुसती फिरवायला काढली. कुठं पोहोचायचं नाही, खायचं-फिरायचं आणि परत यायचं. त्यांच्याच कंपनीच्या ‘अमेरिका’ बोटीवर १९०५ साली रिट्झचं उपाहारगृह उघडलं, जिथं ठरलेल्या पंक्तीत न बसता हवं तेव्हा हवं ते मागवता येई. बोटीवरच्या चैनीच्या जेवणाचा उगम मी तरी इथं धरतो.

ही चैन मोजक्यांची होती. ती तुमच्या-माझ्यापर्यंत आणली विमानानं. १९५८ साली जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी बोटींचा धंदा बसला. बोटी होत्या, माणसं होती, पण पोहोचवायला कुणी नव्हतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर काही धंदेवाल्यांनी त्या कॅरिबियनमध्ये सुट्टीसाठी फिरवायला घेतल्या. कार्निव्हलची पहिली बोट ‘मार्डी ग्रा’ १९७२ साली निघाली, तीही जुनी अटलांटिक ओलांडणारीच. तिकीट स्वस्त ठेवायचं, जेवण त्यातच धरायचं, आणि पैसे दारू, जुगार, सहली यांवर काढायचे, हे गणित तेव्हा बसलं आणि आजही तेच आहे. बुफे त्या गणिताचा भाग आहे. पाण्यावर माणूस उठून दुसऱ्या हॉटेलात जाऊ शकत नाही; तेव्हा जेवणाला नाव ठेवायला जागाच राहू नये इतकं मांडून ठेवायचं. आपल्याकडे लग्नाच्या हॉलवाल्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

मराठी कुटुंब या पंक्तीला बसलं ते सिंगापूरमार्गे. केसरी पाटील यांनी १९८४ साली सुरू केलेल्या ‘केसरी’नं आणि तिच्यासारख्या कंपन्यांनी परदेशात पोळी-भाजी मिळेल हा भरवसा विकला, स्थळांइतकाच तो खपला. या शतकाच्या सुरुवातीला सिंगापूर-मलेशियाच्या टूरला स्टार क्रूझची दोन रात्रींची जोड मिळाली. २००५ साली त्याच कंपनीनं ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईला आणली. नंतर २०१८ साली आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावली, २०१९ला ‘कर्णिका’ आली, आणि करोनात दोन्ही थांबल्या. सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ आहे. ही बोट १९९० साली फ्रान्सच्या सें-नाझेरला ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधली गेली, मुळात फ्लोरिडाहून तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठीच. तेव्हा वारज्याहून शुक्रवारी चांदणी चौक गाठून द्रुतगती मार्गानं बॅलार्ड पिअर पकडणाऱ्या माणसाला ती नेमकी बसते. साधारण अठराशे प्रवासी, आणि त्यांतले बहुसंख्य गुजराती, मारवाडी, मराठी. बाहेरचं खाणं वर नेऊ देत नाहीत. गांधींनी केबिनमध्ये खाल्लेली मिठाई आज सामान तपासणीतच अडली असती. तरी बाकरवडीचं एखादं पाकीट स्वेटरमध्ये गुंडाळून जातंच, असं ऐकतो.

आता जेवणाबद्दल दोन शब्द, कारण वाहवा करणाऱ्यांचं बरंच सांगून झालं आहे. बोटीच्या भटारखान्यात उघडी आच पेटवत नाहीत. समुद्रावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, त्यामुळे शेगड्या विजेच्या, तवे विजेचे, भट्ट्या विजेच्या. परिणामी फुलका आचेवर टम्म फुगत नाही. पोळी मिळते ती तव्यावरची, थोडी कडक. वांगं निखाऱ्यावर भाजता येत नाही, म्हणून भरीत झालं तरी त्याला धुराचा वास नसतो. फोडणी शेकडो माणसांच्या आमटीला एकदम बसते, ती तुमच्या वाटीपर्यंत पोहोचेस्तोवर दमते. भाज्या बंदरातच भरलेल्या. पनीर मात्र या सगळ्यातून तरून जातं, म्हणून ते रोज दिसतं. आणि ताजा मासा? खाली समुद्र भरून मासे, ताटात मात्र बर्फात ठेवलेला, काटे काढलेला तुकडा. कोकणच्या डेकवर उघडलेल्या डब्यातलं सुकटही याहून बोलकं असणार.

कौतुक करायचं तर वाढणाऱ्याचं करा. तो तुमच्या पोराचं नाव दुसऱ्या जेवणाला लक्षात ठेवतो, आजोबांना कमी तिखटाचं वेगळं आणून देतो, आणि हे महिनोन्‌महिने, सुट्टीच्या वाराशिवाय. त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचा. फर्नांडिस, डिसोझा, रॉड्रिग्ज अजून बरेच भेटतील. त्यांच्या जोडीला आता हॉटेल मॅनेजमेंट करून आलेले जाधव, सावंत, पाटीलही. ज्या पंक्तीत बसल्याबद्दल पुण्याच्या मोठ्या माणसांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली, तिथं रांधायला नि वाढायला आपल्या किनाऱ्यावरची माणसं पहिल्यापासून उभी होती. आपण पाटावर बसायला उशीर केला इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी जाल तर गोडाच्या टेबलावर गर्दी करण्याआधी वाढणाऱ्याला त्याचं गाव विचारा आणि खाली त्यांच्या मेसमध्ये आज काय शिजलंय, तेही विचारा. बहुतेक वेळा भात आणि माशाचं कालवण असतं. तिथं प्रवाशांना सोडत नाहीत.